पेशंटशी नातं काय?

एप्रिलच्या मध्यापर्यंत नोरीन हॅलोरनला सकाळी उठून लॅपटॉप उघडणंसुद्धा नकोसं व्हायला लागलं होतं. कॅल्डर्सबर्ग हे न्यूयॉर्क राज्यातलं, पण न्यूयॉर्क शहरापासून बरंच वर, नदीकाठी वसलेलं छोटं गाव. नोरीन तिथली कारकून. जन्म, मृत्यू, लग्नं, कुत्र्यांचे परवाने, शिकारीचे परवाने, सगळ्यांवर सही तिचीच. कचेरीला कुलूप लागल्यापासून तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावरच दुकान मांडलं होतं. शिकारीचं नाव कुणी काढत नव्हतं, कुत्र्यांचं कुणाला पडलं नव्हतं. येत होते ते फक्त मृत्यू. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात साथ शिरली होती, आणि अंत्यविधी करणारा रॉय फोन करून म्हणायचा, "नोरीन, अजून एक पाठवलंय गं." नाव उघडून बघितलं की ओळखीचंच निघायचं. कधी तिला तिसरीत शिकवणाऱ्या बाई, कधी टपाल कचेरीतला म्हातारा. सही करायची, चहा प्यायचा, पुढचं उघडायचं. रडायला यायचं बंद झालं होतं, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटायचं.

अशात राज्याकडून हुकूम आला, की साथ आहे तोवर लग्नाचा परवाना व्हिडिओवर द्यावा आणि लग्नही व्हिडिओवरच लावावं. गावाच्या मंडळाने लग्नं लावायचं कामही मागेच नोरीनच्या गळ्यात घातलेलं होतं.

"म्हणजे आता लग्नंही या टेबलावर?" टिम म्हणाला. टिम तिचा नवरा, घरांची छपरं शाकारायचा. कामं बंद असल्यामुळे दिवसभर घरात येरझाऱ्या घालायचा. "मग मी जेवायचं कुठे?"

"गॅरेजमध्ये जेव. आणि लग्न कोण करणारे आत्ता? लोकांना मरायला फुरसत नाही."

पण दोनच दिवसांत अर्ल डिंगमनचा फोन आला.

अर्लने तीस वर्षं शाळेची बस चालवली. नोरीन त्याच बसने शाळेत गेली होती, त्यामुळे ती पन्नाशीला टेकली तरी तो तिला पोरीच म्हणायचा.

"पोरी, ते व्हिडिओवर लग्न लावतात म्हणे. आमचं लावशील?"

"तुमचं? कुणाशी?"

"कुणाशी म्हणजे? कॉनीशी!"

नोरीनला हसू येणार होतं, पण आलं नाही. अर्ल आणि कॉनी बेलुची यांचं वीस वर्षांचं गूळपीठ गावाला ठाऊक होतं. तिचं घर वेगळं, त्याचं वेगळं. रविवारचं जेवण तिच्याकडे, बाकी भांडणं दोन्हीकडे. कॉनीचे दोन नवरे करून झाले होते, आणि तिसऱ्यांदा त्या खड्ड्यात पडणार नाही, असं ती येईल जाईल त्याला सांगायची. फेब्रुवारीत बर्फावरून घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर चालायचा सराव व्हावा म्हणून तिला टेकडीवर ठेवलं, आणि मार्चमध्ये तिथली दारं बंद झाली.

"मी रोज फोन करतो," अर्ल म्हणाला. "रोज तोच प्रश्न. पेशंटशी नातं काय? मी सांगतो, मित्र. मग म्हणतात, घरच्यांनाच सांगता येईल. घरचं कोण, तर अ‍ॅरिझोनातला तिचा भाचा. तो फोन उचलत नाही. तिच्या शेजारच्या खोलीतली बाई गेली, हे मला तुझ्या रॉयकडून कळलं. उद्या कॉनीचं काही बरंवाईट झालं तर मला पेपरात वाचायला लागेल गं."

"कॉनी तयार आहे?"

"असेल की," अर्ल म्हणाला. त्या 'असेल'मध्ये काही दम नव्हता. पण नोरीन इतकी दमलेली होती, की तिने पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं पडद्यावर जमली. अर्लच्या घरी इंटरनेट धड चालत नसे, म्हणून तो नातीचा जुना टॅब्लेट घेऊन बंद वाचनालयाच्या आवारात गाडी लावून बसला होता. तिथे फुकट मिळायचं. त्याच्या नाकपुड्याच तेवढ्या दिसत होत्या. "जरा लांब धरा," नोरीन म्हणाली, तर त्याने इतकं लांब धरलं की गाडीचं छत दिसायला लागलं.

वृद्धाश्रमातून शँटेल नावाची मुलगी कॉनीच्या पलंगाशी फोन धरून उभी होती. तिच्या अंगावर पावसाळी प्लास्टिकचा अंगरखा होता. रोग्यांजवळ घालायचे तिथले खरे अंगरखे संपले होते. पलंगावर कॉनी बसली होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे केस रंगवणाऱ्या कॉनीच्या स्वतःच्या केसांची मुळं पांढरी झाली होती.

नोरीनने दोघांची ओळखपत्रं कॅमेऱ्यासमोर धरायला लावली, दोघंही राज्याच्या हद्दीत असल्याचं वदवून घेतलं. मग म्हणाली, "कायद्याने विचारावं लागतं. कॉनी, हे लग्न तू स्वतःच्या मर्जीने करते आहेस?"

"नाही," कॉनी म्हणाली.

वाचनालयाच्या आवारात कुठेतरी कावळा ओरडला.

"कॉनी..." अर्ल म्हणाला.

"नाही म्हणजे नाही. वीस वर्षं मी सुखात होते, अर्ल. आज कुठून आठवलं? मी मरायला टेकले म्हणून? दया येते माझी? नवरीचा झगा घालून पुरायचंय मला?"

"मिस कॉनी, असं बोलू नये," शँटेल पुटपुटली.

"तू गप गं. तू नुसता फोन धर."

नोरीनने लेखणी खाली ठेवली. कायदा सरळ होता. एक जण नाही म्हणाला की विषय संपला. तिने समजूत घालणं तर दूरच, एक शब्द बोलणंही बरोबर नव्हतं. तिला हेही कळलं, की आपल्याला मनातून बरंच वाटलंय. एक काम कमी झालं. त्या विचाराची लाज वाटून ती म्हणाली, "मी इथेच आहे. तुम्ही दोघं बोला."

अर्लने टॅब्लेट गाडीच्या स्टिअरिंगवर टेकवला. पहिल्यांदाच त्याचा पूर्ण चेहरा दिसला. दाढी वाढलेली.

"दया कसली डोंबलाची," तो म्हणाला. "मी फोन करतो तेव्हा मला हाकलून देतात. मी तुझा कुणी नाही म्हणतात. तू जेवलीस का विचारलं तर सांगत नाहीत. परवा तीन तास मला वाटत होतं, गेलेली बाई तूच. तीन तास, कॉनी. मी स्वयंपाकघरात उभाच होतो. मला तुझा नवरा व्हायची हौस नाही. तुझ्यासारख्या बाईचा नवरा व्हायची हौस कुणाला असणारे? मला फक्त त्यांनी फोनवर उत्तर द्यायला हवंय."

कॉनीने उशीला पाठ टेकली.

"मग आधी असं सांगायचं ना, गाढवा," ती म्हणाली. "गेले दोन दिवस शँटेलकडून 'सरप्राईज आहे, सरप्राईज आहे' असे निरोप काय पाठवत होतास?"

"मला वाटलं, तुला आवडेल."

"वीस वर्षांत एकदा तरी आवडलंय?" तिने नाक पुसलं. "विचार गं नोरीन, परत विचार."

नोरीनने परत विचारलं. कॉनी हो म्हणाली. परवाना झाला, पण मधे चोवीस तास जाऊ द्यावे लागतात, असा नियम. "उद्या याच वेळी," नोरीन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शँटेलचा निरोप आला: रात्री कॉनीला ताप भरला होता.

दुपारी पडद्यावर आली ती आडवीच होती. डोळे चमकत होते, श्वास तोकडा. तिच्या उशीवर शँटेलने कागदी रुमालांचं एक फूल करून ठेवलं होतं. टिम साक्षीदार म्हणून नोरीनशेजारी बसला, कामाच्या शर्टावर टाय बांधून. थट्टा करायला त्याने तोंड उघडलं, कॉनीला पाहिलं आणि मिटलं.

नोरीनने विचारलं, "कॉनी, आज वार कोणता? समोर कोण आहे?"

"गुरुवार. समोर वीस वर्षांचा त्रास आहे. आटप लवकर."

नोरीनने लांबलचक मजकूर बाजूला सारला आणि नवरा म्हणून स्वीकारतेस का, बायको म्हणून स्वीकारता का, एवढंच विचारलं. कॉनीचं 'हो' जेमतेम ऐकू आलं. अर्लचं आवारभर. मग चित्र गोठलं, अर्लचं तोंड तसंच उघडं राहिलं, आणि कॉनी हळूच म्हणाली, "असाच शोभतो." त्याचं चित्र परत आलं तेव्हा तो विचारत होता, "झालं का? मी काही चुकवलं का?"

"झालं," नोरीन म्हणाली. "तुम्ही नवरा-बायको."

कागदावर कॉनीची सही शँटेलने हात धरून घेतली, अर्लने स्वतःची प्रत गाडीच्या बॉनेटवर ठेवून केली. मग त्याने तिथूनच वृद्धाश्रमाला फोन लावला.

दोन दिवसांनी कॉनीला रुग्णालयात हलवलं. पण आता डॉक्टर अर्लला फोन करत होते, आणि अर्ल ते सगळं नोरीनला ऐकवायचा. ऑक्सिजन किती, पालथं किती वेळ झोपवलं, रक्तात काय निघालं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं आणि तिलाही. तो बोलायचा, ती हुं हुं करायची, आणि समोर रॉयने पाठवलेलं पुढचं नाव उघडं असायचं. एका संध्याकाळी फोन वाजला तेव्हा तिने नुसतं बघितलं. वाईट बातमीच असणार, आणि ती आज ऐकायची ताकद नाही, असं म्हणून तिने तो वाजू दिला. टिमने विचारलं तर म्हणाली, चुकीचा नंबर.

सकाळी तिने भीतभीत लावला.

"काल तिने जेली खाल्ली," अर्ल म्हणाला. "लाल. तेवढंच सांगायचं होतं."

नोरीन फोन ठेवून सिंकपाशी गेली आणि बऱ्याच दिवसांनी रडली. टिमने तिच्यासाठी टोस्ट भाजला.

कॉनी जूनच्या शेवटी घरी आली. घरी म्हणजे अर्लच्या. स्वतःच्या घरचा जिना चढणं तिला शक्य नव्हतं. लग्नाचा दाखला टपालाने पाठवता आला असता, पण नोरीन तो स्वतः घेऊन गेली. ओसरीवर कॉनी खुर्चीत होती, नाकात नळी, निम्मी झालेली. वृद्धाश्रमातल्या तिच्या मजल्यावरच्या बऱ्याच जणी आता नव्हत्या. त्यांची नावं नोरीनला पाठ होती, पण तिने काढली नाहीत.

"शँटेल कशी आहे?" कॉनीने विचारलं.

"आजारी पडली होती. बरी झाली. नोकरी सोडली तिने."

"बरं केलं." मग कॉनी आतल्या बाजूला मान वळवून ओरडली, "अर्ल! या घराला कुत्र्याचा वास येतो! कुत्रं मरून सहा वर्षं झाली!"

"खिडक्या उघडल्यात की!"

"मग बंद कर, गार लागतंय!"

अर्ल कॉफी घेऊन बाहेर आला. नोरीन लांब, कठड्याजवळच्या खुर्चीत बसली होती, मास्क हनुवटीवर, दाखल्याचं पाकीट अजून मांडीवर. ऊन बरं लागत होतं. ती दोघं खिडकीवरून भांडत होती, मग कॉफीत साखर किती यावरून. नोरीनला वाटलं, घोटभर घ्यावी आणि निघावं. पण कप हातात घ्यायच्या आधीच तिचे डोळे मिटले.

"झोपली की ही," अर्ल म्हणाला.

"हळू बोल," कॉनी म्हणाली. "झोपू दे तिला."