डाव्या कानाची माफी

सत्याचा आवाज कितीही क्षीण असला तरी तो ऐकू येतोच. हे वाक्य श्रवण केंद्राच्या बाहेरच्या खोलीत चौकट करून लावले होते, आणि त्याखाली बसलेली मंडळी दिवसभर एकमेकांना "आँ? काय म्हणालात?" असे विचारत असत.

केंद्रात कान तपासायला एक ताई होत्या. रोज सकाळी पहिला माणूस येण्याआधी त्या तपासणीच्या बंद खोलीत जाऊन हेडफोन स्वतःच्या कानांना लावत आणि यंत्राचा एकेक सूर ऐकून पाहत. वाढण्याआधी स्वयंपाकी चव घेतो, तसे. लांबलचक रजा संपवून परतल्या त्या सकाळी डावीकडचा सूर दबका आला. त्यांनी हेडफोन उलटा लावला. आता उजवीकडे दबका. म्हणजे कान ठणठणीत, वायर आजारी.

यात एवढे बिघडले काय? तर वायरच आवाज गिळत असेल, तेव्हा डावा कान आहे त्याहून बहिरा दिसतो. त्या मापाने कानात मशीन बसवले की ते नको इतका मोठा आवाज आत सोडते, आणि उरलासुरला कानही त्या माऱ्याने जाऊ शकतो. रजेच्या काळात बदलीवरच्या गृहस्थांनी अशी बरीच मशीनं बसवली होती. सकाळी चव घ्यायची मात्र त्यांना सवय नव्हती.

ताई मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. मालकांना सगळे साहेब म्हणत. त्यांचा तसा आग्रहच होता.

"डावीकडे कमी येतंय? मग आवाज वाढवा की!"

"तेच आपण लोकांच्या कानांत करून ठेवलंय, साहेब."

"कधीपासून बिघडलंय?"

"सांगता येत नाही. माझ्या रजेत केव्हातरी."

"मग काल संध्याकाळपासून धरा. केंद्र बंद झाल्यावर."

"सगळ्यांना परत बोलवावं लागेल."

"का? कोणाची तक्रार आलीय?"

"मोठा आवाज आला की माणसाला वाटतं, मशीन भारी आहे. तक्रार सुचेपर्यंत कान गेलेला असतो."

"मॅडम, तुम्ही तर इथे नव्हतात. चूक तुमची नाहीच. मग नसती उठाठेव कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ आपली आहे, साहेब. कान त्यांचे आहेत."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अवघड गोष्टी ते न बघता बोलत. "एक जरी फोन गेला, तर उद्यापासून येऊ नका."

घरात कमावत्या ताई एकट्याच.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग सगळे फोन आजच उरकते."

बाहेर काउंटरवरच्या काकूंनी सगळे ऐकले होते; त्यांनी न विचारता दुसरा फोन जवळ ओढला. "निम्मे मला द्या. नोकरी जायचीच असेल तर सोबत असलेली बरी."

ज्यांना ऐकू येत नाही त्यांना फोनवरून गुपित सांगता येत नाही, हे साहेबांच्या लक्षात आले नव्हते. काकू एकेक शब्द फोडून ओरडल्या, "माप! चुकलं! आमची! चूक!" समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला, त्याच्यामागे अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक. दुपारपर्यंत झाकली मूठ दोन गल्ल्यांत उघडी पडली. संध्याकाळी दुरुस्तीवाल्याने वायर बदलून दिली.

दुसऱ्या दिवशी ताई नेहमीच्या वेळेला आल्या. बाहेरची खोली भरली होती. साहेब दारातच उभे होते, पण एवढ्या माणसांसमोर माणूस काढायला वेगळी छाती लागते. ताई मधोमध उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मोजायला आम्ही चुकलो. तुमच्या कानाचा दोष नव्हता. माफ करा."

एक निवृत्त हेडबाई काठी टेकत उठल्या. "आमच्या घरात कपबशी फुटली तरी दोष माझ्याच कानांचा! माफी मागणारी तू पहिलीच गं, बाई." मग साहेबांकडे वळून, "हिला जपा हो. अशी माणसं जाहिरात देऊन मिळत नाहीत."

"आमचं धोरणच आहे ते," साहेब हात जोडून म्हणाले. काकूंना खोकल्याची उबळ आली. मग साहेब हळूच ताईंना म्हणाले, "उद्या वेळेवर या."

"रोजच येते," ताई म्हणाल्या. काकू दिवसभर येईल त्याला सांगत होत्या, "आमच्या ताई आहेत त्या," जणू ताईंना त्यांनीच शाळेत घातले होते.

ताईंनी सगळ्यांचे कान नव्याने मोजले आणि आवाज कमी करायला मशीनं एकेक करून कॉम्प्युटरला जोडली. घातल्यापासून आपण किती वेळ चाललो, याची नोंद हे मशीन स्वतःच ठेवते. हेडबाईंचे पडद्यावर आले: शून्य तास.

"अगं, रोज घालून खराब कशाला करायचं?" हेडबाई म्हणाल्या. "कपाटात नीट राहतं."

पुढच्या आजोबांचेही शून्य. सगळ्यांचा वापर एकत्र केला तर जेमतेम तासभर भरला, आणि तोही केंद्रातच, मशीन बसवून दाखवताना.