सोनुबाईच्या गळ्यातला वाल

कडावच्या सोनुबाईनं वर्षभर म्हशीचं कॅल्शियम प्यायलं ही गोष्ट खरी आहे, आणि ती तिनं कधी लपवली नाही. लपवायचं काय त्यात? चार म्हशींचं दूध काढणारी बाई. व्यायलेली म्हैस पाय गाळून बसते, डॉक्टर येऊन शिरेतून कॅल्शियमची बाटली चढवतो आणि थोड्या वेळात जनावर उभं राहतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. स्वतःची हाडं ठणकायला लागली तेव्हा गोठ्यातल्या फळीवरचा, म्हशींना पाजायच्या कॅल्शियमचा कॅन तिला दिसला. रोज सकाळी एक झाकण ती घेऊ लागली. म्हशीला चालतं ते मला का चालू नये, असा तिचा सरळ विचार. चूकच होती, पण आपल्याकडं हाडं दुखली म्हणून दवाखान्यात कोण जातं?

हाडं काही थांबली नाहीत. मुतखड्यानं तर तो कॅन घरात यायच्या आधीच तिला दोनदा लोळवलं होतं, आता तिसऱ्यांदा लोळवलं. तेव्हा कर्जतच्या डॉक्टरनं रक्त तपासलं. कॅल्शियम जास्त. मग त्यानं पीटीएच नावाची आणखी एक तपासणी केली, तीही जास्त. त्यानं तिला समजावून सांगितलं की गळ्यात थायरॉईडच्या मागं चार बारक्या ग्रंथी असतात, पॅराथायरॉईड म्हणतात त्यांना. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते त्या बघतात. त्यातली एखादी माजली की हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडत बसते. ती शोधायची आणि काढून टाकायची, एवढंच काम.

शोधायला सोनुबाई नवी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेली. सोबत मुलगा कमलेश, मोहोपाड्याच्या एका कारखान्यात रजा टाकून आलेला. तिथं शिरेतून औषध टोचलं, गळ्याचा आणि छातीचा फोटो काढला, दोन तास बसवून ठेवलं आणि पुन्हा काढला. माजलेली ग्रंथी ते औषध धरून ठेवते, तिथं ठिपका दिसतो म्हणे. ठिपका आला नाही.

समोरच्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "मावशी, कॅल्शियमचं काही औषध घेता का?"

सोनुबाईनं खरं ते सांगितलं. डॉक्टर शेजारच्याला इंग्रजीत काहीतरी बोलला आणि दोघं हसले. इंग्रजी कळलं नाही तरी हसणं कळतंच.

"फोटोत काही नाही. ते म्हशीचं औषध बंद करा, आपोआप ठीक होईल. ऑपरेशनची गरज नाही."

कमलेश मान खाली घालून बाहेर आला. घरी त्यानं बायकोला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी डेअरीच्या केंद्रावर गजाला ठाऊक. गजा म्हणजे तिथं दूध मोजून घेणारा, पन्नाशीचा, तोंडाचा फाटका.

"काकी, तुज्या दुधाला आता कॅल्शियमचा येगळा भाव लावू काय गं?"

किटल्या घेऊन उभे असलेले सगळे हसले. सोनुबाई हसली नाही. तिनं किटली पुढं सरकवली. गजानं नेहमीसारखं न ढवळताच तळातून सॅम्पल काढलं आणि फॅटच्या मशीनला लावलं. मलई वरच तरंगत राहिली, फॅट कमी आलं.

"ढवळ, आन परत लाव," सोनुबाई म्हणाली. गेली पंधरा वर्षं ती हेच म्हणत आली होती. गजा दर वेळी तोंड वाकडं करायचा, ढवळायचा, आणि फॅट वर चढायचं.

त्याच दिवशी तिनं कॅन उकिरड्यावर रिकामा केला. दोन महिने थेंब घेतला नाही. हाडं तशीच ठणकत राहिली, दूध काढताना बोटं आखडायला लागली. मग तिनं कर्जतजवळच्या दहिवलीला जाऊन पुन्हा रक्त दिलं. कॅल्शियम तसूभर खाली नाही, पीटीएच उलट वाढलेलं.

"आता काय म्हशीनं येऊन पाजलं मला?" तिनं रिपोर्ट कमलेशच्या पुढ्यात टाकला. "चल, परत जायाचं."

"आये, एवढं मोठं मशीन हाय ते. त्याच्याशी भांडणार काय तू?"

"गजाचं मशीन बी खोटं बोलत नाय रं. पर तळाचं दूध दिल्यावर ते बिचारं तळाचंच सांगनार. मला माज्या हाडांची चाळण करून घ्यायची नाय. माज्या म्हशी मलाच पिळायच्यात."

कमलेश गाडी काढायला उठला.

हॉस्पिटलात तोच तरुण डॉक्टर होता. नवा कागद त्यानं वरवर बघितला. "मावशी, फोटोत नाही म्हणजे नाही. कशाचं ऑपरेशन करायचं आम्ही?"

"त्ये तुमी शोधा. तोवर मी उठनार नाय," सोनुबाई म्हणाली आणि खुर्चीत मांडी ठोकून बसली. शिपाई आला, नर्स आली. कमलेशला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. बाई हलली नाही.

शेवटी सर्जन आल्या. डॉक्टर तस्लीम, मूळच्या खालापूरकडच्या. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि तरुण डॉक्टरकडं बघत बोलल्या, "बाहेरचं कॅल्शियम पिऊन रक्तातलं वाढलं असतं, तर या ग्रंथी गप्प बसल्या असत्या. पीटीएच खाली गेलं असतं. इथं दोन्ही वर आहे. आजार आहे की नाही ते रक्त सांगतं. फोटोनं फक्त पत्ता सांगायचा, आणि एका फोटोला पत्ता सापडला नाही म्हणून आजार संपत नाही." मग त्या सोनुबाईकडं वळल्या. "मावशी, पत्ता सापडला तर छोटा छेद. नाहीच सापडला तर गळा उघडून चारही ग्रंथी बघेन. पण घरी पाठवणार नाही."

"मंग परत लावा," सोनुबाई म्हणाली.

तस्लीमबाईंनी स्वतः सोनोग्राफी केली. तिच्यातही धड काही दिसेना. मग किडनी झेलेल ना हे बघून सीटी केला. शिरेतून डाय, म्हणजे फोटोत उजळ दिसणारं औषध, सोडायचा आणि तो भरताना, उतरताना लागोपाठ फोटो घ्यायचे. माजलेली ग्रंथी तो लवकर घेते आणि लवकर सोडते. या वेळी ती सापडली. खाली, अन्ननलिकेच्या मागं दडून बसलेली.

"केवढी हाय?" सोनुबाईनं पडद्याकडं बघत विचारलं.

"वालाच्या दाण्याएवढी."

एवढ्याशा वालानं तीन खडे दिले, हाडं पोखरली आणि गावभर हसं केलं. सोनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. बाहेर जाताना दार तरुण डॉक्टरनंच उघडून धरलं.

ऑपरेशन नीट झालं. टेबलावर असतानाच रक्त तपासलं, पीटीएच झर्रकन उतरलेलं. घरी सोडताना तस्लीमबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि त्यांनाच हसू आलं. भुकेली हाडं आता रक्तातलं ओढून घेणार, म्हणून काही दिवस कॅल्शियम घ्यायचं होतं.

"माणसांचं," त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी सोनुबाई केंद्रावर आली. गळ्यावरचा टाक्याचा वण तिनं पदरानं झाकला नव्हता. आज कोणी हसलं नाही. गजानं किटली घेतली, न ढवळताच सॅम्पल काढलं, आणि बाकीचे पांगल्यावर हळूच म्हणाला, "काकी, आमच्या विमलला बी तिसऱ्यांदा खडा झालाय. हाडं दुकतात म्हनते. ती रक्ताची तपासनी कंची गं?"

सोनुबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग किटलीकडं.

"आदी ढवळ. आन परत लाव."

गजानं निमूट ढवळलं आणि परत लावलं. फॅट चार पॉइंटांनी वर गेलं. पावती हातात आल्यावरच ती बोलली.

"कॅल्शियम आन पीटीएच, दोनी सांग. रक्तात निगालं आन फोटो कोरा आला, तर विमलला म्हनावं, खुर्चीवरून उठू नको."