शेवटची झडती

पोळ्याच्या दिवशी आमच्या गावात बैलांची चैन असते आणि पंतप्रधानांचे हाल.

साकोलीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली सजवलेल्या बैलजोड्या रांगेनं उभ्या राहतात आणि मग झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे यमक जुळवून चारचौघांत केलेली खरडपट्टी. कोणी सासऱ्याची करतो, कोणी शेजाऱ्याची, कोणी सरपंचाची. झडती पटली की सगळा गाव एका आवाजात 'हर हर महादेव' म्हणतो. शेवटच्या झडतीला ही गर्जना मिळाल्याशिवाय तोरण तोडत नाहीत, आणि तोरण तुटल्याशिवाय बैल घरी जात नाहीत. रीत कोणी घातली ठाऊक नाही, मोडायची हिंमत मात्र कोणात नाही.

ही शेवटची झडती भैय्याजींची, आणि ती कायम पंतप्रधानांवर. भैय्याजी म्हणजे माझे शेजारी. आणि मी डोमा, गावचा लाउडस्पीकरवाला. माइक माझा, त्यामुळे त्यांची झडती मला तोंडपाठ आहे:

'भाषन तुहं गाडाभर अन् काम बोटभर दिसे,
लय झालं रे राजा, खुर्ची सोड, दुसरा कोनी बसे!'

तीस वर्षांत पंतप्रधान बदलले, पक्ष बदलले, भैय्याजींनी झडतीचं एक अक्षर बदललं नाही. ज्यांचं सरकार असे ते भैय्याजींना देशद्रोही म्हणत. सरकार गेलं की तेच लोक पुढच्या पोळ्याला त्यांची पाठ थोपटत. भैय्याजी दोन्ही वेळा तंबाखू मळत सांगत, "जो नांगर वढते त्याचे खांदे शेकाचे. जो राज्य वढते त्याचे कान पिळाचे. दोघायचीबी काळजीच आहे ते."

यंदा मात्र पंचाईत झाली. त्यांची मुलगी रक्षा साकोलीला एका दवाखान्यात नर्स आहे. जवाहरनगरच्या फॅक्टरीतला कुलदीप तिला आवडला, ती त्याला आवडली, आणि करीन तर याच्याशीच, असं तिनं आईला तोंडावर सांगून टाकलं. आता फक्त कुलदीपच्या वडिलांची मान हलायची होती. हेमराजभाऊ त्याच फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांचा फोन आला, "पोळा पाहाले येतो. तवाच पक्कं करून टाकू." वर रक्षानं खबर आणली की हेमराजभाऊंच्या देवघरात पंतप्रधानांचा फोटो आहे आणि त्याची फ्रेम गणपतीच्या फ्रेमपेक्षा मोठी आहे.

रंभावहिनींनी नवऱ्याला चुलीजवळ बसवलं. मी साखर मागायला गेलो होतो, मलाही साक्षीला बसवलं.

"यंदा दिल्लीचं नाव घ्याचं नाही," वहिनी म्हणाल्या.

"पन झडती..."

"झडती म्हना. गावच्या सपाईवर म्हना, पान्यावर म्हना, डोमाभाऊच्या भोंग्यावर म्हना. तुमच्या जिभेपायी पोरीचं मोडलं, त मी या घरात पोळी लाटनार नाही."

भैय्याजींनी रक्षाकडे पाहिलं. ती नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. भैय्याजी विरघळले. "म्हनतो चांगलं," ते म्हणाले. असा चेहरा मी त्यांचा दाढ काढली तेव्हाच पाहिला होता.

पोळ्याला हेमराजभाऊ आणि कुलदीप आले. हेमराजभाऊ माणूस देखणा, इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजकं. पुरणपोळीवर तूप घेता घेता म्हणाले, "आमीबी लाखांदुराकडले. लहानपनी मीबी झडत्या म्हनत होतो. पन एक सांगतो भैय्याजी, देश म्हनजे घर. घरच्या कर्त्या मानसाले चारचौघांत बोलाचं नाही. लोक हासतेत."

भैय्याजींनी तोंड उघडलं. वहिनींनी त्यांच्या ताटात पोळी वाढली. त्यांनी पुन्हा उघडलं, पुन्हा पोळी पडली. जेवण होईपर्यंत भैय्याजी लोकशाहीच्या बाजूनं चार पोळ्या खाऊन बसले.

दुपार कलल्यावर आखरावर गाव जमलं. पाहुण्यांना खुर्ची दिली. झडत्या रंगल्या. माझ्या भोंग्यावरही एक झाली, तिला नको तितकी मोठी गर्जना मिळाली. मग भैय्याजी उठले. पोरासोरांनी मोबाईल वर केले. मी माइक पुढे धरला. भैय्याजींनी डोळे मिटले आणि म्हणाले:

'देशाचा राजा लय गुनी, काम करते फार,
उजेड तेचा पडला बापा घरोघरी दारोदार...'

गर्जना उठली नाही. मागच्या रांगेत एका बैलानं मुतल्याचा आवाज भोंग्यातून सगळ्या शिवारात गेला. ज्यांच्या पक्षाचं सरकार आहे ते आमचे सरपंच जागेश्वर, त्यांनासुद्धा तोंड उघडवेना. स्तुती खोटी होती असं नाही हो. पण झडतीत स्तुती म्हणजे वांग्याच्या भाजीत साखर, कोण गिळणार?

"बिमार आहे का भैय्याजी?" कोणीतरी विचारलं.

भैय्याजींनी तीच झडती पुन्हा म्हटली. पुन्हा शांतता. बैल पाय बदलू लागले, एकानं तर पुढच्याच्या शिंगांवरचा बेगड चघळायला घेतला. बायका पूजेची ताटं घेऊन दारांत ताटकळल्या असणार, आणि तोरण तर तुटत नव्हतं.

हेमराजभाऊंना हे सहन होईना. त्यांच्या राजाची स्तुती झाली आणि गाव मुकं, हा अपमान होता. ते खुर्चीवरून उठले आणि माझ्या हातातून माइक घेतला. "मी म्हनतो," म्हणाले, आणि छाती पुढे काढून सुरू झाले:

'राजा आमचा सिंहासारखा, जगात त्याचा जोर,
नावानं तेच्या थरथर कापे सीमेवरचा चोर!'

यमक चांगलं होतं, आवाज त्याहून चांगला होता. कुलदीप बिचारा एकटाच 'हर हर' म्हणाला आणि 'महादेव' गिळून गप्प झाला.

हेमराजभाऊ लाल झाले. एकदा झडती म्हणणाऱ्याला गर्जना मिळाली नाही की त्याला कशाचं भान राहत नाही, मग तो कारखान्यातला असो की कैलासातला. ते गावाकडे बघत राहिले. ओठ हलत होते, यमक शोधत होते. आणि मग त्यांच्या तोंडून जे आलं ते त्यांनाही ठाऊक नसावं:

'तुहं ऐकता ऐकता राजा, पिकले माहे कान,
माहं ऐकाले कधी येशील? गळून चाल्लं पान!'

आधी क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग असा 'हर हर महादेव' उठला की माझा भोंगा फाटतो की काय वाटलं. जागेश्वर सरपंचांनीच उडी मारून तोरण तोडलं. बैल उधळले, पोरं उधळली, म्हाताऱ्यांनी हेमराजभाऊंना खांद्यावर घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

भैय्याजींच्या घरी आलो तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली होती. हेमराजभाऊ ओसरीवर बसले, पाणी प्याले नाहीत. रक्षा दाराआड उभी. तिची आशा गेली होती, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. भरगावात पाहुण्याचं हसं झालं, आता कोणता बाप हो म्हणेल?

"कोनी मोबाईलमंधी घेतलं का ते?" हेमराजभाऊंनी हळूच विचारलं.

"सगळ्यायनंच घेतलं, भाऊ," मी म्हणालो. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खांबाआड सरकलो.

हेमराजभाऊंनी मान खाली घातली. "जवाहरनगरात उभा जलम गेला," ते म्हणाले. "बस पकडली, ड्युटी केली, तोंड उघडलं ते डबा खायासाठी. आज पहिल्यांदा बोललो, अन् बोललो त घरच्या कर्त्यालेच, तेबी चारचौघांत."

"कर्त्याले चारचौघांतच बोला लागते, भाऊ," रंभावहिनी शांतपणे म्हणाल्या. "घरात आयकत नाही."

हेमराजभाऊंनी मान वर केली. त्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा भैय्याजींकडे, आणि पोट धरून हसले. मग त्यांनी पाणी मागितलं. रक्षानंच आणून दिलं.

"पोरगी पसंत आहे," ते म्हणाले. "पन एक अट आहे."

वहिनी चुलीकडे निघाल्या होत्या, त्या परत फिरल्या.

"दर पोळ्याले मी इथं येईन. शेवटची झडती माही राहील."

भैय्याजींचा चेहरा पडला. दिवसभर पोरीसाठी ज्यानं जीभ गिळली, तो माणूस तंबाखूची डबी उघडू लागला, मिटू लागला. "हेमराजभाऊ, पोरगी दिली," ते शेवटी म्हणाले. "पन शेवटच्या झडतीचं... तीस वर्सापासून माही आहे ते. इचार करून सांगतो."

रंभावहिनी पदर खोचून ओसरीच्या मधोमध आल्या. समोर व्याही, जावई, मुलगी आणि मी, मोजून चारचौघं.

"काहून जी," त्या म्हणाल्या, "तीस वर्सं झाले, दिल्लीले सांगून राहिले ना, लय झालं, खुर्ची सोड? आता तुमची सोडा."

पहिला 'हर हर महादेव' रक्षानं म्हटला.