स्वयंपाकघरातलं बटण

बायको गेल्यापासून कातारीच्या हातून एकही भांडं धड उतरलं नव्हतं. लाकूड तेच, लेथ तेच, पटाश्या त्याच. पण वाडगा अगदी होत आला, आता शेवटचा हात फिरवायचा, की फट् व्हायचं. कधी बुडाला आरपार भोक पडायचं, तर कधी बाजूची भिंत उडून कोपऱ्यातल्या भुशात जाऊन पडायची. सुरुवातीला त्याने मनाला समजावलं की दुःखात माणसाचं चित्त थाऱ्यावर नसतं. मग लाकडाला शिव्या घातल्या. मग पटाश्यांना नवी धार लावली, पट्टा बदलला, ओंडका धरून ठेवणारा चक उघडून त्याचे जबडे पुसले. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकने लेथ चालवून बघितलं, बेअरिंगवर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, मशीन तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे." बिचारा गमतीत बोलला होता. पण कातारीला ते इतकं झोंबलं की त्याने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

लाकडाची भांडी करण्यात बाहेरचा आकार काही मोठी गोष्ट नसते. तो डोळ्यांना दिसतो. खरी परीक्षा आतून कोरताना. ओंडका गरगर फिरत असतो, पटाशी त्याच्या पोटात शिरलेली असते, ढलप्या तोंडावर उडत असतात आणि भिंत किती उरली हे काही केल्या दिसत नाही. कमी कोरलं तर भांडं दगडासारखं जड. जरा जास्त कोरलं तर हातात तुकडे. म्हणून पुष्कळ जण मशीन थांबवतात, कॅलिपर लावून जाडी मोजतात, पुन्हा चालू करतात, पुन्हा थांबवतात. कातारीला त्या लोकांची कीव यायची. "शिकाऊ पोरांचे धंदे," तो म्हणायचा. "मला नाही लागत मोजायला. लाकूड संपत आलं की हाताला कळतं." हे वाक्य त्याने बायकोला इतक्या वेळा ऐकवलं होतं की दुसऱ्या कुणी बाईने कानात बोळे घातले असते.

भांड्यांचा दुकानदारही त्यात तेल ओतायचा. वाडगा तळहातावर तोलायचा, बोटाने टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "काय हात आहे हो तुमचा!" कातारी तो शब्द जसाच्या तसा घरी आणायचा आणि बायकोला सांगायचा. ती म्हणायची, "मग! आहेच."

लेथची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती. वायरमनने वायरिंग करताना घोळ घातला आणि लेथवरच्या दिव्याचं बटण स्वयंपाकघरात गेलं. कातारीने वायरमनचा उद्धार केला, पुढच्या आठवड्यात नीट करून घेऊ म्हणाला आणि तो पुढचा आठवडा कधी उजाडलाच नाही. बायकोला मात्र ते बटण म्हणजे आयतं खेळणं सापडलं. चहाला बोलवायचं झालं की ती हाक मारायची नाही. दिवा दोनदा मिचकावायची. कातारीचं डोकं फिरायचं. मशीन बंद करून तो पाय आपटत स्वयंपाकघरात यायचा.

"झाला चहा?"

"ठेवतेय आता."

"आता ठेवतेयस? मग दिवा कशाला घालवलास? फिरत्या लाकडात हात असतो माझा!"

"बसा हो. होतोय."

आणि खरंच, पातेल्यात पाणीसुद्धा नसायचं. आयुष्यभरात एकदाही चहा तयार ठेवून बाईने त्याला बोलावलं नाही. आता पाणी उकळेपर्यंत करायचं काय, म्हणून तो परत जायचा, वाडगा चकातून काढायचा, एक बोट आत आणि एक बाहेर ठेवून काठापासून बुडापर्यंत फिरवायचा. मग राग विसरून वाडगा हातात घेऊन दारात उभा राहायचा. "बघ. नेमकं झालंय. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. हाताला कळतं माझ्या." ती चहा ढवळता ढवळता मान वर करून बघायची. "हो ना. हातच आहे तुमचा तसा," म्हणायची.

आता काम सुरू करण्याआधी दिवा लावायला त्याला स्वतःच स्वयंपाकघरात जावं लागे. बटणाखाली तिचं स्टूल होतं. खिडकीपासून लांब, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात. तिथे बसून ती भाजी निवडायची, उसवलेलं शिवायची. तो चिडवायचा, "एवढी उजेडाची खिडकी सोडून घुबडासारखी अंधारात काय बसतेस?" ती म्हणायची, मला इथेच बरं वाटतं. आता बटणाला हात घालताना ते स्टूल रोज त्याच्या नडगीला लागायचं. रोज तो कळवळायचा, आणि तरी त्याने ते हलवलं नाही.

दिवस फार मोठे झाले होते. सकाळीच तो पातेलंभर चहा करून ठेवायचा आणि संध्याकाळपर्यंत तोच गरम करून प्यायचा. कधी कधी दूधवाल्याशी बोलताना घसा खरवडून निघायचा, तेव्हा लक्षात यायचं की कालपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. तिचा त्याला राग यायचा. अशी कशी गेलीस, एवढीच तक्रार, पण ती दिवसभर पुरायची. आणि भीती वाटायची. बायको गेली ते गेली, वर हातही गेला, तर मग आपण उरलो कशाला, हा प्रश्न त्याला फुटलेला प्रत्येक वाडगा विचारायचा.

मुलगी आली ती त्याला घेऊन जायच्या तयारीनेच. ती दुसऱ्या गावात राहायची, तिच्या घरी एक खोली रिकामी होती, जावई भला माणूस होता. नाही म्हणायला कारण असं काही नव्हतंच.

"बाबा, किती दिवस असे एकटे राहणार?"

"मशीन आहे की."

"मशीन काय जेवायला वाढतं का तुम्हाला?"

माळ्यावर एक रुंद ओंडका होता, वर्षानुवर्षं वाळवलेला. मुलीसाठी काठवट करायची म्हणून बायकोने तो बाजूला काढून ठेवलेला. तिच्या स्वतःच्या काठवटीला चीर गेली तरी तिने त्या ओंडक्याला हात लावू दिला नव्हता. एवढ्या रुंदीचं दुसरं लाकूड आता घरात नव्हतं. कातारीने तो खाली उतरवला, फुंकर मारून धूळ उडवली आणि मुलीला म्हणाला, "तुझी काठवट करतो. नीट उतरली तर मी इथेच राहणार. फुटली तर मशीन विकतो आणि तू म्हणशील तिथे येतो. मग माझी कटकट नाही."

मुलीने मान डोलावली. बाप हरला तर आपल्या मनासारखं होणार आणि तो हरलेला तर आपल्याला बघवणार नाही, अशी तिची पंचाईत झाली होती.

हात मोकळा व्हावा म्हणून त्याने आधी एक लहान वाडगा लावला. मुलगी स्वयंपाकघरात होती. बाहेरचा आकार झकास आला. आत पटाशी गेली, ढलप्या उडायला लागल्या. तो श्वास रोखून हाताकडे लक्ष देत होता. कळेल, आता कळेल. आणि फट् झालं.

मुलगी धावत आली. "लागलं का?"

"नाही." त्याने मशीन बंद केलं. कपाळावरचा भुसा पुसला. जे त्याने अजून कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं ते त्याच्या तोंडून निघून गेलं. "हात गेला गं माझा."

तिने खाली पडलेला तुकडा उचलून खिडकीकडे धरला. तो इतका पातळ झाला होता की त्यातून उजेड लालसर दिसत होता. "एवढं पातळ कशाला केलंत पण? मला वाटलं तुम्हाला मुद्दाम तसंच हवंय. आवाज तर केव्हाचा बारीक झाला होता."

"कसला आवाज?"

"भांड्याचा. आधी घुमल्यासारखा असतो आणि भिंत पातळ व्हायला लागली की शिट्टीसारखा होतो, तो. मी तर सवयीने चहाचं पातेलंसुद्धा काढलं."

"चहाचा काय संबंध?"

"असं काय करता? आपल्याकडे तसंच नव्हतं का? आवाज बारीक झाला की आई उठायची. तिचे हात पिठात असले तर मला म्हणायची, ऐकलंस का गं, शिट्टी आली, जा, बाबांना दिवा मिचकाव." ती हसली. "मला लहानपणी वाटायचं, मशीनलाच कळतं चहाची वेळ झाली ते."

कातारी हसला नाही. तिचंही हसू मग हळूहळू मावळलं.

"बाबा, तुम्हाला ती शिट्टी ऐकू येते ना?"

"मोटरची घरघर येते," तो म्हणाला. "शिट्टी नाही येत."

त्याला जुनी गोष्ट आठवली. मुलगी तेव्हा फ्रॉकमध्ये होती. बायको एकदा सहज बोलून गेली होती, अहो, दारावरची घंटा वाजते ती तुम्हाला ऐकू येत नाही हल्ली, कान दाखवून या एकदा. त्यावर त्याने असा काही थयथयाट केला होता की शेजारी डोकावून गेले. बहिरा कातारी म्हणून बाजारात माझी शोभा करायची आहे का तुला? मग कितीतरी दिवस अबोला. जेवणाचं ताट तो उचलून लेथच्या खोलीत न्यायचा. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. आणि त्यानंतरच कधीतरी दिवा मिचकायला लागला होता.

दिवा मिचकावला की तो थांबायचा. थांबला की भांडं नेमकं असायचं. आणि ते तिला दाखवायला तो दारापर्यंत चालत जायचा. त्या अंधाऱ्या कोपऱ्यात, भिंतीला कान लावून जन्म काढलेल्या बाईसमोर वाडगा नाचवत तो स्वतःच्या हाताची थोरवी सांगायचा आणि ती म्हणायची, हो ना. कातारीला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मुलीकडे बघवेना. तो भुसा झाडायला लागला. झाडून झालेला भुसाच पुन्हा पुन्हा झाडत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने मोठा ओंडका चकात आवळला. मुलीला काही सांगावं लागलं नाही. ती जाऊन स्टुलावर बसली. बाहेरून आकार देऊन झाला, मग आतून कोरायला सुरुवात झाली. या वेळी त्याने हाताला काहीच विचारलं नाही. कोरत राहिला आणि मधूनमधून वर बघत राहिला. त्याला स्वतःचीच गंमत वाटली. ज्या दिव्यावर तो उभा जन्म खेकसला, त्याची तो आज चातकासारखी वाट बघत होता.

दिवा दोनदा मिचकावला.

त्याने मशीन थांबवलं. काठवट काढली, बोटं फिरवली. काठापासून बुडापर्यंत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. पाय सवयीने चालायला लागले. काठवट हातात घेऊन तो दारात उभा राहिला आणि तोंडही सवयीनेच उघडलं. "बघ—"

मुलगी स्टुलावर होती, बोट अजून बटणावर. डोळे भरून आलेले. शेगडीवर पातेलं रिकामंच होतं. त्याने काठवट तिच्या मांडीवर ठेवली आणि चहाचं पाणी स्वतःच ठेवलं.

"उतरली," काठवटीवरून हात फिरवत ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही येणार नाही."

"मी कुठे उतरवली," तो म्हणाला. "पण नाही येत. एवढ्यात नको. तिचं स्टूल आहे इथे."

मुलीने फार ताणून धरलं नाही. जाताना तिने काठवट साडीत गुंडाळून छातीशी धरली होती. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर कातारी घरात आला, दिवा लावायला गेला आणि स्टूल पुन्हा नडगीला लागलं. तो त्यावरच बसून राहिला. भिंतीला कान लावून बघितला. भिंत गार होती.

मग त्याने पेटीच्या तळातून कॅलिपर शोधून काढला. गंज घासला. आता तो शिकाऊ पोरांसारखा थांबून थांबून काम करतो. थोडं कोरायचं, मशीन बंद, मोजायचं, पुन्हा थोडं कोरायचं. वाडगे फुटत नाहीत. पण धीर होत नाही शेवटचा हात फिरवायचा, म्हणून जरा आधीच थांबतो आणि भांडी थोडी जाडच राहतात.

दुकानदाराने नव्या मालातला वाडगा तळहातावर तोलला, टिचकी मारली आणि नाक मुरडलं. "काय हो, जड झालीत भांडी. हात बिघडला की काय?"

एके काळी एवढ्यावरून कातारीने दुकान डोक्यावर घेतलं असतं. गिऱ्हाइकं उभी होती, सगळी बघत होती.

"हात बरा आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कानाने ऐकू येत नाही मला. वर्षं झाली."

"अहो, मग पूर्वी कशी नेमकी व्हायची?"

"पूर्वी माझी बायको ऐकायची," कातारी म्हणाला.