गल्लीच्या तोंडावरची चावी

लाँड्रीवाल्या मावशी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात शिरल्या तेव्हा त्यांच्या हातात नोटीस होती. दुकानाच्या काचेवरून खरवडून काढल्यामुळे तिच्या चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे लोंबत होते. खोलीत तीन टेबलं होती. मावशींनी तिन्हींवरून नजर फिरवली आणि सगळ्यात लहान टेबलासमोरची खुर्ची ओढली.

"ही सही तुमची का?"

सही टेबलामागच्या मुलीचीच होती. कनिष्ठ अभियंता म्हणून लागून तिला चार महिने झाले होते, आणि कार्यालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला छोट्या मॅडम म्हणत. नोटिशीचा मजकूर साहेबांचा होता. तिने फक्त खाली सही केली होती. 'आपण नळाला पंप लावून पाणी ओढत असल्याने गल्लीत कमी दाबाने पाणी येते, अशी बावीस रहिवाशांची तक्रार आहे. सात दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास नळजोडणी तोडण्यात येईल.' त्यातले तीन दिवस उलटले होते.

"दोन धुलाईयंत्रं आणि तीन इस्त्र्या, एवढाच माझा संसार," मावशी म्हणाल्या. "पंप असता तर पहाटेपासून पिंप लावून नळाच्या तोंडाकडे बघत कशाला बसले असते?"

"तुमचं म्हणणं लेखी द्यावं लागेल."

"काय लिहू? पंप नाही? नाही हे कसं लिहून दाखवतात, ते सांगा. लगेच लिहिते."

प्रश्न बिनतोड होता. पंप आहे हे दाखवायला एक पंप पुरतो; नाही हे दाखवायला काय दाखवायचं? पदवीच्या चार वर्षांत प्रयोगशाळेत तिने हाच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत पाहिला होता, पण तिथे उत्तर चुकलं तर दोन गुण जात. इथे नळ गेला तर अठरा वर्षांची लाँड्री बंद होणार होती आणि मावशींच्या हाताखालच्या दोन बायकाही घरी बसणार होत्या.

"लिहू नका," ती म्हणाली. "मोजू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, पाणी सुटायच्या वेळेला, ती दाबमापक घेऊन गल्लीत हजर झाली. सोबत चावीवाले काका होते. रस्त्याखालच्या झडपा उघडायची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते रोज सगळं गाव फिरत, आणि झडपेलाही ते चावीच म्हणत. वॉर्डाचे सदस्य लेंग्यावरच बाहेर आले. त्यांचं घर याच गल्लीत, आणि बावीस सह्यांतली पहिली सही त्यांची. सभेत चहा यायला उशीर झाला तरी ते 'ठराव करा' म्हणत, म्हणून गाव त्यांना ठरावकाका म्हणे.

"पंप लपवला असेल," ठरावकाका म्हणाले. "तुम्ही येणार म्हटल्यावर तो काय टेबलावर मांडून ठेवणार?"

"म्हणून मी पंप शोधणारच नाही," ती म्हणाली. "मावशींचं मीटर काढून घेते आणि पाइपाला बूच मारते. आज त्यांना थेंबभर पाणी नाही. त्यांच्यामुळे दाब कमी होत असेल तर आज तुमच्या नळाला वाढलेला दिसेल. दिसला, तर जोडणी आत्ताच तोडते."

सगळे मावशींकडे वळले. आत हॉटेलच्या चाळीस चादरी भिजायच्या राहिल्या होत्या.

"काढा," मावशी म्हणाल्या. "उघड्या डोळ्यांनी बघू दे सगळ्यांना."

तक्रार आल्यावर घेतलेल्या नोंदीत, मावशींचा नळ चालू असताना, ठरावकाकांच्या नळाला दाब पाव किलो भरला होता. पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर तो दीड किलो होता. आज मावशींच्या पाइपाला बूच होतं आणि मीटर तिच्या पिशवीत होतं. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. सुई पाव किलोवर गेली आणि तिथेच राहिली.

"मग पाणी जातं कुठं?" ठरावकाकांनी विचारलं.

"जात नाही, येतच नाही. मोठा रस्ता आणि तुमचं घर यांच्या मध्ये कुठेतरी पाइपाचा गळा आवळलाय."

चावीवाल्या काकांनी खांद्यावरची चावी खाली टेकवली. "गल्लीच्या तोंडाला एक चावी होती म्हणतात. माझ्या आधीच्या गड्याच्या वेळची. मी आलो तेव्हा वरून डांबर झालेलं."

आधीचे चावीवाले निवृत्त होऊन परगावी मुलाकडे गेले होते. तिने कार्यालयात येऊन फोन लावला. त्यांना ऐकायला कमी येत असल्याने संभाषण अख्ख्या कार्यालयाने ऐकलं.

"चावी कुठे आहे, आजोबा?"

"मी बरा आहे!"

"गल्लीच्या तोंडाची चावी!"

"आहे की! तोंडालाच आहे! रस्ता करायच्या आधी दुरुस्तीला बंद केली होती!"

"मग पुन्हा पूर्ण उघडली का?"

"जेवलो, जेवलो!"

एवढ्यावर काम भागवून ती तक्रारींच्या वहीकडे वळली. त्या गल्लीतून कमी दाबाची पहिली तक्रार पाच वर्षांपूर्वी आली होती, डांबरीकरणानंतर बरोबर अकराव्या दिवशी. त्याआधीची तेरा वर्षं लाँड्री चालूच होती आणि तक्रार एकही नव्हती. मग तिने कपाटाच्या तळातून जलवाहिन्यांची जुनी नोंदवही काढली. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी दौत-टाकाने त्यात लिहून ठेवलं होतं: 'गल्लीचे तोंड. चावी चार इंची. कोपऱ्याच्या दगडी भिंतीपासून ११ फूट.'

साहेबांनी एका खड्ड्याची परवानगी दिली. "एकच. रस्ता आपला नाही, बांधकाम खात्याचा आहे, आणि त्यांचा जीव त्या डांबरात अडकलेला असतो."

सहाव्या दिवशी दुपारी भिंतीपासून अकरा फुटांवर खड्डा झाला. पाइप सापडला. चांगला, धडधाकट, अखंड पाइप. चावीचा पत्ता नव्हता.

"डोंगर पोखरून उंदीरसुद्धा नाही," ठरावकाका म्हणाले आणि घरात गेले.

कार्यालयात साहेब वाट बघत होते. "छोट्या मॅडम, तुमची सुई खरं बोलत असेल. पण बावीस सह्यांपुढे सुई उभी राहत नाही. मला कारण दाखवा, हाताला लागेल असं. नाहीतर उद्या सात दिवस पुरे होतात. संध्याकाळी पाचला जोडणी तोडायची, आणि तोडायला तुम्हीच जायचं."

ती टेबलाशी आली तर मावशी तिच्या खुर्चीसमोर बसलेल्या. खड्ड्याची बातमी त्यांच्यापर्यंत तिच्याआधी पोहोचली होती. नोंदवही उघडीच होती आणि मावशी तिच्यावर वाकल्या होत्या.

"इथं तर एकोणीस लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही अकरावर का खणलं?"

"अकराच आहे ते, मावशी. दोन्ही आकडे सारखे दिसतात."

"दिसतात सारखेच. घाईत लिहिलेला एक आणि घाईत लिहिलेला नऊ ही जुळी भावंडं. पण अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या कपड्यांवर शाईने आकडे घालतेय आणि धुऊन विटलेले परत वाचतेय. एकदा एक्केचाळीसच्या विजारी एकोणपन्नासला गेल्या. दोन्ही घरांत भांडण, आणि मी मधे. तेव्हापासून आकार बघत नाही, शाई बघते." त्यांनी बोट कागदाला न लावता वरूनच दाखवलं. "एक लिहिताना हात गोल फिरून खाली सुटतो. शाई साचते शेपटीला. नऊ लिहिताना हात मधेच अडतो, वळतो. शाई साचते पोटात. हा पहिला बघा, शेपटीला ठिपका. हा दुसरा, पोटात ठिपका. एकावर नऊ, एकोणीस."

तिने नाक कागदाला लागेपर्यंत वाकून पाहिलं. ठिपके होते. पण माणसाला हवं ते दिसतं, आणि मावशींना काय हवं होतं हे उघड होतं. तिलाही तेच हवं होतं. तिला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

तिने एक पुठ्ठा घेतला आणि त्याला नखाएवढं भोक पाडलं. नोंदवहीत प्रत्येक ओळीला अनुक्रमांक होता, त्यामुळे खरा आकडा कोणता हे मागच्यापुढच्या ओळींवरून कळत होतं. पुठ्ठा ठेवला की भोकातून एकच आकडा दिसे, बाकी सगळं झाकलेलं.

"मी पानं उलटते. तुम्ही फक्त एक की नऊ ते सांगा."

"परीक्षा घेता होय माझी?" मावशी हसल्या आणि बाह्या सावरून बसल्या. "घ्या."

एक. नऊ. नऊ. एक. साहेब आपल्या टेबलावरून उठून मागे येऊन उभे राहिले. वीस आकडे झाले. अठरा बरोबर. उरलेल्या दोन ठिकाणी मावशी म्हणाल्या होत्या, "हा नाही सांगता येत, शाई फुटलीय." चूक एकही नव्हती.

तिला अठरांपेक्षा त्या दोनांनी जास्त पटवलं. अंदाज ठोकणारा माणूस कधी 'नाही सांगता येत' म्हणत नाही.

"साहेब, एकोणीस फुटांवर दुसरा खड्डा."

"एकच म्हणालो होतो."

"परवानगीच्या कागदावर माझी सही घ्या. बांधकाम खातं आलं तर माझ्याकडे पाठवा."

साहेबांनी आधी पुठ्ठ्याकडे, मग मावशींकडे पाहिलं. "आठ फूट पुढं सरकायचं तेवढं. त्याला दुसरा खड्डा कशाला म्हणायचं? पहिलाच जरा लांब झाला."

सातव्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. दहाच्या सुमाराला कुदळ ठणकन वाजली. चावीवाले काका खड्ड्यात उतरले, हाताने माती बाजूला केली, आणि चौकोनी लोखंडी डोकं वर आलं. त्यांनी त्यावर आपली चावी बसवली आणि अंग टाकलं. पहिल्यांदा ती हललीच नाही. दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा करकरत फिरली. काठावर छोट्या मॅडम मोठ्याने आटे मोजत होत्या. ही चावी पूर्ण उघडायला चौदा आटे लागतात. त्यातले अकरा उघडायचे शिल्लक होते. म्हणजे पाच वर्षं अख्खी गल्ली तीन आट्यांवर जगत होती.

आठव्या दिवशीच्या सकाळी ठरावकाकांच्या नळाखालची बादली उलटली आणि पाणी स्वयंपाकघरात शिरलं. दाबमापकाची सुई सव्वा किलोवर होती आणि मावशींची दोन्ही यंत्रं चालू होती.

राहिला नोटिशीचा प्रश्न. साहेबांनी मसुदा केला: 'संबंधितांनी खुलासा दिल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' मावशींनी तो वाचला आणि टेबलावर परत ठेवला.

"निकाली नको."

"अहो, सुटलात ना तुम्ही?"

"सुटले म्हणजे अडकले होते असं होतं. दुकानाच्या काचेवर चोर म्हणून कागद लावलात. आता खरं काय ते लिहा. दुसरा कागद त्याच काचेवर लागला पाहिजे."

साहेबांनी छोट्या मॅडमकडे पाहिलं. ती आधीच लिहीत होती. 'तपासणीत पंप आढळला नाही. कमी दाबाचे कारण पालिकेची अर्धवट बंद राहिलेली चावी हे होते. नोटीस मागे घेण्यात येत आहे.' साहेबांचं पेन 'पालिकेची' या शब्दावर येऊन थांबलं.

"हा शब्द वगळला तर?"

"मग चावी कुणाची?" मावशींनी विचारलं. "माझी?"

साहेबांनी सही केली. शेजारी छोट्या मॅडमची सही, आणि या वेळी मजकूरही तिचाच.

दुपारी तिने स्वतः तो कागद काचेवर चिकटवला. गल्लीतले लोक एकेक करून येत, वाचत आणि आपल्याला कुठंतरी जायचंय असं दाखवून पुढे जात. ठरावकाका मात्र थांबले. सदस्य होते, पळून कुठं जाणार? काखेत कपड्यांचं गाठोडं होतं.

"मावशी, उद्या सभा आहे. हे चार शर्ट आज मिळतील का?"

मावशींनी गाठोडं घेतलं आणि फळीवरच्या रांगेत सगळ्यात मागे ठेवलं.

"आज आधी सही न केलेल्यांचे."

"ते किती आहेत?"

"दोनच घरं आहेत. पण कपडे फार आहेत हो त्यांचे," मावशी म्हणाल्या आणि पाणी सोडायला आत गेल्या.