अथेन्समधली फोडणी

"ज्या शहरात माणूस विचार करायला शिकला, त्या शहरात आज आपण उभे आहोत, याचं भान ठेवलं पाहिजे," मोहरी तडतडायची वाट पाहत दत्तप्रसाद देवस्थळी गंभीरपणे म्हणाले.

ते उभे नव्हते. हॉटेलच्या खोलीत गालिच्यावर मांडी घालून बसले होते. समोर त्यांचे दोन काळे बूट, बुटांच्या बेचक्यात प्रवासातली छोटी इस्त्री उलटी बसवलेली, आणि इस्त्रीवर तेलाची स्टीलची वाटी. खिडकीतून मान पुरेशी वाकडी केली तर अक्रोपोलिसचा एक कोपरा दिसत होता. मान कुणी वाकडी करत नव्हतं.

"अहो, नुसता मेतकूट-भात खाऊ ना," विभावरी म्हणाली. "छताला तो अलार्म आहे."

"आपल्या दोघांत सेफ्टी ऑफिसर कोण? मला शिकवतेस?"

सेफ्टी ऑफिसरांनी अलार्मचा बंदोबस्त केलेला होता. खुर्चीवर चढून, टाचा उंचावून, त्यांनी त्या पांढऱ्या डबीला हॉटेलचीच आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातली होती. छताला एखाद्या म्हातारीचं डोकं चिकटवल्यासारखं दिसत होतं.

लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून ही सहल होती. त्याआधीची प्रत्येक सुटी पुण्यात, नातेवाइकांच्या घरी चहा पिण्यात गेलेली. या खेपेला विभावरीने अथेन्स म्हटलं. लग्नाआधी ती शाळेत इतिहास शिकवायची; ग्रीसचा धडा तिने सहा वर्षं शिकवला होता, न बघता. मुलीला, वैभवीला, दुबईत अल मनखूलमध्येच समोरच्या इमारतीतल्या स्मिताकडे ठेवून दोघं विमानात बसली. बॅगेत छोटा राइस कुकर, डाळ, तांदूळ आणि हिंगाची डबी. चार दिवस दत्तप्रसादांनी चीज आणि काकडी सहन केली. पाचव्या दिवशी दुपारी त्यांना आमटी हवी झाली. नुसतं वरण नको, फोडणीची आमटी.

जबल अलीच्या एका गोदाम कंपनीत ते सेफ्टी सांभाळत. महिन्यातून एकदा कंपनीच्या लेबर कॅम्पमधल्या खोल्या तपासायच्या आणि लपवलेल्या विजेच्या शेगड्या जप्त करायच्या, हे त्यांचं काम. गेल्याच महिन्यात कुडाळच्या रामचंद्रची शेगडी त्यांनी पलंगाखालून ओढून काढली होती. "मेसचा जेवाण घशाखाली उतरणा नाय ओ, साहेब," रामचंद्र म्हणाला होता. "घशाचं मला सांगू नकोस. रूल म्हणजे रूल. खलास," साहेब म्हणाले होते.

मोहरी तडतडली. पाठोपाठ हिंग, हळद आणि दोन सुक्या मिरच्या पडल्या. मिरच्या काळ्या झाल्या. दोघंही खोकू लागली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसे दत्तप्रसाद उठले आणि धूर बाहेर जावा म्हणून त्यांनी खोलीचं दार सताड उघडलं.

बाहेरच्या व्हरांड्यातल्या अलार्मला टोपी घातलेली नव्हती.

पाच मिनिटांत अख्खं हॉटेल फुटपाथवर उभं होतं. ओल्या केसांच्या दोन जर्मन बायका, टॉवेल गुंडाळलेला एक जाडा गृहस्थ, कुणाचं तरी रडणारं मूल. अग्निशामक दलाची गाडी आली. घाईत वायर ओढल्यामुळे फोडणी इस्त्रीवर सांडली होती आणि दत्तप्रसादांच्या पायात एकच बूट होता.

हॉटेलची मॅनेजर बाई पायऱ्या उतरून सरळ त्यांच्याकडेच आली. पहिल्या दिवशी याच बाईला दत्तप्रसादांनी आपलं कार्ड दिलं होतं, आणि तुमचं आग विझवायचं नळकांडं भिंतीवर जरा उंच लावलंय, असंही ऐकवलं होतं.

"हू वॉज कुकिंग?" बाईने विचारलं.

सगळा फुटपाथ बघत होता.

"माय वाइफ," दत्तप्रसाद म्हणाले. "इंडियन लेडीज, यू नो. आय टोल्ड हर. मेनी टाइम्स."

विभावरीने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, दुकानात हातातली वस्तू परत ठेवण्याआधी माणूस तिच्याकडे पाहतो, तसं. मग ती मॅनेजर बाईला म्हणाली, "सॉरी, मॅडम. व्हेरी सॉरी."

बाई त्यांच्याबरोबर खोलीत आली. तिने इस्त्री पाहिली, वाटी पाहिली. मग छताकडे पाहिलं, तिथली टोपी पाहिली. मग विभावरीकडे पाहिलं. विभावरी खुर्चीवर चढली असती तरी छताला तिचा हात पोचला नसता. शेवटी बाईने दत्तप्रसादांकडे पाहिलं. "आय सी," एवढंच म्हणाली आणि गेली.

तेवढी शिक्षा त्यांना पुरली असती. पण विभावरीने नुसती वाटी उचलून धुवायला घेतली. भांडली असती तर बरं झालं असतं; भांडणात त्यांना गती होती. दुसऱ्या दिवशी अक्रोपोलिसवर ती त्यांच्या पुढे, एकटी, पायऱ्या चढत गेली. वर खांबांपाशी पोचल्यावर, एरवी तिने त्यांना तासभर इतिहास सांगितला असता. तिने कॅमेरा मागितला, त्यांचा फोटो काढला आणि म्हणाली, "झालं? उतरू या."

परतीच्या विमानात त्यांनी घसा साफ केला. "विभा, ते परवा... म्हणजे, त्या बाईला मी आपलं कार्ड दिलेलं होतं ना. कंपनीचं नाव होतं त्यावर. म्हणून..."

"अहो, अथेन्समध्ये तुम्हाला ओळखणारं होतं कोण?" ती म्हणाली. "मी एकटीच ना?"

आणि तिने खिडकीकडे तोंड केलं.

शुक्रवारी फोटो बघायला स्मिता आणि तिच्या मजल्यावरची उर्मिला आल्या. पोहे झाले. अल्बम फिरला. "अय्या, काय खांब आहेत! पण वहिनी, तुझा एकही फोटो नाही?" उर्मिलाने विचारलं.

"मी कसली! मी तिकडे आग लावत होते," विभावरी म्हणाली, आणि तिने सगळी गोष्ट सांगितली. उलटी इस्त्री, काळ्या मिरच्या, टॉवेलमधला जाडा. फक्त 'हे'च्या जागी 'मी' घातलं. टोपीसुद्धा आपणच घातली म्हणाली. स्मिता हसून हसून सोफ्यावर आडवी झाली.

"दत्ताभाऊ, सेफ्टी ऑफिसरच्या घरात हे? तुम्ही काय करत होता?"

"हे झोपले होते," विभावरी म्हणाली.

आताच बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं, की अगं, फोडणी मी केली. चार शब्द. दत्तप्रसादांनी तोंड उघडलं.

"ममा, दॅट्स सो एम्बॅरसिंग," वैभवी म्हणाली. "यू कुड हॅव किल्ड पीपल! पपाला किती ऑकवर्ड झालं असेल."

"हो ना," विभावरी तिला म्हणाली. "फार."

सगळ्या दत्तप्रसादांकडे बघत होत्या.

"थंड काय घेणार?" त्यांनी विचारलं आणि ते स्वयंपाकघरात गेले. फ्रिज उघडून बराच वेळ उभे राहिले. गारवा बरा वाटत होता.

मोठी इस्त्री बिघडलेली होती, त्यामुळे शनिवारी सकाळी विभावरीने त्यांचा शर्ट अथेन्सला नेलेल्या त्याच छोट्या इस्त्रीने केला. रोजच्यासारखा कडक, कॉलर उभी. खिशावर कंपनीचा बिल्ला लावून ते कॅम्पवर गेले. तपासणीचा दिवस होता. पलंगांच्या रांगेत वाकत वाकत ते रामचंद्रच्या खोलीत आले.

रामचंद्र उठून उभा राहिला. त्याने नाक वर करून वास घेतला. "साहेब, हिंगाचो वास येता हा," तो म्हणाला. त्याचा चेहरा क्षणभर घरी गेल्यासारखा झाला.

"येणारच," दत्तप्रसाद म्हणाले. "काढ बाहेर."

रामचंद्रने गादीमागून नवी शेगडी काढून पुढे धरली. दत्तप्रसादांनी ती घेतली.

शेगडी थंडगार होती.