जंतूंचा एकोणिसावा दिवस

निळं झाकण... मुतारीच्या तिसऱ्या भांड्याखाली, जाळीला टेकून पडलेलं, आतून पिवळट. झाडू बाजूला ठेवून तिनं ते चिमटीत उचललं. नाकाशी न्यायची गरजच नव्हती, घशाला आधीच झोंबलं होतं. अ‍ॅसिड. काल संध्याकाळी इथं कोणीतरी अ‍ॅसिड ओतलं होतं — एकोणीस दिवस पाळलेले जंतू एका रात्रीत खलास, आणि उद्या अकरा वाजता साहेब वास घ्यायला येणार.

वास घ्यायला! वीस वर्षांत साहेबाचं नाक या बस स्थानकाच्या स्वच्छतागृहापर्यंत कधी आलं नव्हतं, ते उद्या येणार, आणि नेमका कालच कुणाचा तरी हात शिवशिवला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तरी ते जंतूंचं पाणी घेऊन शिकवायला आलेल्या पोरीनं किती समजावून सांगितलं होतं. "ताई, हे चांगले जंतू आहेत. फरशीच्या सांध्यांत लघवीचा थर बसतो ना, तो हे खातात. थर गेला की वास गेला. रोज पाळीच्या शेवटी फवारायचं आणि तसंच ओलं राहू द्यायचं. फक्त अ‍ॅसिड, फिनेल यातलं काही म्हणजे काही टाकायचं नाही." घरी सांगितलं तर नवरा पोट धरून हसला होता — "जन्मभर जंतू मारलेस, आता म्हातारपणी पाळायला लागलीस होय? नावं ठेवलीस का त्यांची?" हसू दे. आठव्या दिवशी बायकांच्या बाजूला एक प्रवासी बाई आरशासमोर उभी राहून निवांत वेणी घालत होती. नाकाला रुमाल नाही. ती दारातून त्या बाईकडे बघतच राहिली होती... आणि तिचा स्वतःचा खोकला. चौदा वर्षांचा खोकला, डॉक्टर म्हणायचा काम बदला, जणू कामं झाडाला लागतात. या एकोणीस दिवसांत ती आडवी होऊन झोपली होती. भिंतीला टेकून बसून नव्हे, आडवी, माणसासारखी. उद्या साहेबांना वास आला नाही तर स्थानकातल्या सगळ्या स्वच्छतागृहांतून अ‍ॅसिड बंद होणार होतं. आला तर सोमवारपासून पुन्हा अ‍ॅसिडचा कॅन.

सुपरवायझरच. दुसरं कोण? तिसऱ्याच दिवशी म्हणाला होता, "वासच येत नाही, मग साफ केलंय हे ओळखायचं कशावरून?" ती झाकण घेऊन तरातरा त्याच्या टेबलापाशी गेली.

"मी?" त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "मी काल दुपारीच घरी गेलो. बायकोची दाढ काढली. माझ्या नावावर कशाला खपवतेस?"

"मग उद्या काय करायचं?"

"करायचं काय? वास आला तर लिहिणार, प्रयोग फसला."

फसला म्हणे. तुझ्या घशात एकदा ओतायला हवं, मग कळेल काय फसतं ते... हे तोंडावर बोलले असते तर आजच कामावरून घरी गेले असते. तिनं दुपारपर्यंत फरशी घासली, पाण्यावर पाणी ओतलं, उरलेलं जंतूंचं पाणी सगळं फवारलं, आणि तिला ठाऊक होतं की हे जंतू एका रात्रीत धरत नाहीत.

दोन वाजता पुढच्या पाळीची मावशी आली. रक्ताची नव्हे, पण हे काम तिनंच शिकवलेलं — अ‍ॅसिड ओतताना तोंड कसं फिरवायचं, श्वास कुठं धरायचा, कुठं सोडायचा.

"अगं, झाकण इथं होय! मी काल किती शोधलं."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मावशी... तुम्ही ओतलंत?"

"मग! उद्या साहेब येणार, तुझी नाचक्की व्हायला नको. त्या तुझ्या पाण्यानं काय साफ होतंय गं? डोळ्यांत पाणी नाही, घशाला झोंबत नाही. तुझ्यासाठी म्हणून चांगलं दुप्पट ओतलं."

"मावशी, जंतू मेले."

"मरायलाच तर ओतलं!"

सकाळपासून दाताखाली धरलेलं सगळं तोंडापर्यंत आलं. आणि तिथंच अडलं... तिला आठवलं, चौथ्या दिवशी मीही गेले होते त्या अ‍ॅसिडच्या कॅनपाशी. हात झाकणावर होता. काम केल्यासारखंच वाटत नव्हतं, कुठंच काही जळत नव्हतं. केवळ पाळी संपली म्हणून मी घरी गेले होते. जळलं की साफ झालं — हे आमच्या डोक्यात कोणी भरलं? टेबलामागं बसून चहा पिणाऱ्यांनी? की आम्हीच एकमेकींना शिकवलं, मायेनं, तोंड फिरवायला शिकवलं तसं?

पण म्हणून राग गेला नव्हता. उलट वाढला होता. मावशीला आज ऐकावं लागणार होतं, एकेक शब्द, माया राहिली बाजूला. ती बोलायला वळली, तर मावशी भिंतीला हात टेकून खोकत होती, डोळ्यांत पाणी, मान खाली. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. एवढा थांबू दे, तिनं ठरवलं, मग बोलते. खोकणाऱ्या माणसावर ओरडता येत नाही. ती उभी राहिली. खोकला थांबत नव्हता.